केमिस्ट साहेब विहिरीत उतरले

एकही शिवी न देता माणूस किती रागावू शकतो, हे मी आमच्या केमिस्ट साहेबांकडून शिकले. रागावले की ते आधी चष्मा काढून खिशात ठेवायचे आणि मग समोरच्याला ‘जनाब’ म्हणायचे. जनाब हा शब्द कानावर पडला की बॉयलरवरची माणसं हातातला पाना ठेवून लांब सरकायची. “जनाब, आपण शाळेत गेला होता की शाळेवरून गेला होता?” हे मी त्यांना एका इंजिनियरला विचारताना ऐकलंय. इंजिनियरनं राजीनामा दिला नाही, पण त्यानंतर तो प्रयोगशाळेच्या दारातून कधी आत आला नाही.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. गावात जिथंतिथं ‘जिल्हा’ शब्द नव्या रंगात लिहिलेला, कचेऱ्या मात्र भाड्याच्या खोल्यांत. मुरूडच्या रस्त्यावर एक कारखाना होता. त्याचं स्वतःचं वीजघर होतं, कोळशावर चालणारं. त्या वीजघराच्या धुराड्याला जोडून गॅसचा विभाग होता, आणि तिथल्या प्रयोगशाळेत, केमिस्ट साहेबांच्या हाताखाली, मला नोकरी लागली. मी नायगावची. नांदेडच्या कॉलेजात बी.एस्सी. झालेली, आमच्या बौद्ध वाड्यातली पहिली. नोकरीचा कागद आला तेव्हा वडिलांनी तो चार घरी वाचून दाखवला होता. लातूरला आत्याकडं राहून मी कारखान्याच्या जीपनं ये-जा करायची.

आमचं काम सोपं वाटायचं. वीजघराचा धूर एका उंच टाकीतून वर जायचा आणि वरून त्याच्यावर अमाईनचं द्रावण पडायचं. थंड असताना हे द्रावण धुरातला कार्बनचा वायू धरून ठेवतं, तापवलं की सोडतं. सोडलेला वायू सिलिंडरात भरून सोडावॉटरच्या कारखान्यांना जायचा. मोकळं झालेलं द्रावण पुन्हा धुरात. चोवीस तास हीच फेरी.

“कागदावर हे द्रावण अमर आहे,” साहेबांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं. “अन् हितं ते रोज मरून राहिलंय. धुरात प्राणवायू असतो, त्यानं नासतं. तापवलं की नासतं. नळीचा गंज लागला की आणखी नासतं. दूध नासलं तर घरच्या बाईला कळतं. हे नासलं तर मॅनेजरला कळत न्हाई, कारण सिलिंडर भरून राहिलेत.”

मग माझ्या टेबलावरची पाण्याची बाटली त्यांनी उचलली, न विचारता घटाघट प्यायले आणि टोपण लावून परत ठेवली. कारखान्यात मी दोन वर्षं होते. तेवढ्या काळात माझ्या बाटलीतलं पाणी दुसऱ्या कुणी प्यायलं नाही. हे माझ्या लक्षात यायला काही महिने गेले. त्यांच्या ते कधी लक्षात आलं की नाही, सांगता येत नाही. देगलूरकडच्या जमीनवाल्या घरातला माणूस. पण त्या दिवशी त्यांना तहान लागली होती, एवढंच त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

वास घेण्याचं त्यांना वेड होतं. डबा उघडला की आधी वास. वर्तमानपत्र आलं की वास. प्रयोगशाळेत कुणीही आलं की “हात दाखव” म्हणायचे, तळहात हुंगायचे आणि तो माणूस कुठल्या पंपावरून आलाय ते सांगायचे. ताज्या द्रावणाचा वास मासळीसारखा. नासायला लागलं की त्यात लघवीसारखा झणका येतो, तो अमोनियाचा. आणखी जुनं झालं की जळक्या गुळाचा. “आपलं नाक ठीक असेल तर निम्मी यंत्रं विकून टाकता येतील,” असं ते म्हणायचे आणि यंत्रं काही विकू द्यायचे नाहीत.

खिडकीत त्यांनी बाटल्या लावल्या होत्या. दर महिन्याला त्याच टाकीतून एक बाटली. पहिली पाण्यासारखी, मग पातळ मधासारखी, मग चहा, मग काढा, आणि शेवटच्या दोन अशा की त्यांच्यातून उजेडही जायचा नाही. प्रत्येकीवर चिठ्ठी, तीही उर्दूत. निजामाच्या राज्यात त्यांची शाळा उर्दूत झाली होती. रोजचा हिशेब ठेवायची त्यांची वहीसुद्धा उर्दूतच. मी विचारलं तर म्हणाले, “मॅनेजर पुण्याचा आहे. त्याला वाचता येत न्हाई म्हणजे बदलताही येत न्हाई.” या युक्तीचा त्यांना फार अभिमान होता.

द्रावण तापवतो त्या भांड्याच्या तळाशी काळा, डांबरासारखा गाळ साचायचा. तो दर काही आठवड्यांनी काढावा लागायचा. त्यात काय असतं, असं मी एकदा विचारलं. त्यांनी बोटांवर नावं मोजली. पाच-सहा आम्लं, अमोनिया, लोखंड. मग थांबले.

“अन् बाकीचं?”

“बाकीचं मला माहीत न्हाई. कॅन्सरवाले पदार्थ असू शकतात, असं पुस्तकं सांगतात. आपल्याकडं ते मोजायचं यंत्र न्हाई. जे मोजता येत न्हाई ते नसतं, असं मॅनेजरचं म्हणणं. जे मोजता येत न्हाई त्याला मी भितो.”

या गाळासाठी त्यांनी भांडून भांडून सिमेंटचा पक्का खड्डा बांधून घेतला होता. त्याच्या कडेला उभं राहून ते रोज सकाळी आत डोकावायचे, जसा एखादा शेतकरी हौदात डोकावतो.

आजकाल वर्तमानपत्रात येतं की मोठमोठ्या वीजकेंद्रांचा धूर अशाच द्रावणानं धुणार, हवा वाचवणार. वाचवा. मला आनंद आहे. पण त्या बातम्यांत गाळ हा शब्द मी अजून वाचलेला नाही, आणि दर वेळी पान उलटताना माझं डोकं फिरतं.

तर, दुष्काळ पडला. सलग दुसरं वर्ष. कारखान्यामागच्या गावात हातपंप नुसता वाजायचा. कारखान्यालाही भांडी धुवायला पाणी पुरेना, त्यामुळे गाळ जास्त साचू लागला आणि खड्डा भरला. नेमकं तेव्हाच साहेबांच्या पत्नीचं नांदेडला ऑपरेशन झालं आणि ते तीन आठवडे रजेवर गेले.

दुसऱ्या आठवड्यात मॅनेजरनं मला बोलावलं. समोर गाळाचं रजिस्टर. त्यात आधीच लिहिलेलं होतं: गाळ निर्धोक करून पक्क्या खड्ड्यात टाकला.

“केमिस्ट रजेवर आहेत, त्यामुळे तुमची सही लागेल,” तो म्हणाला.

“पण खड्डा भरलाय ना, सर?”

“अहो, नुसती औपचारिकता आहे. तुमची नोकरी अजून कायम व्हायचीय ना? मग करा की.”

मी सही केली. पूर्ण नावानं, वळणदार अक्षरात. गाळाची पिंपं ट्रॅक्टरवर चढताना मी खिडकीतून पाहिली होती. ती कुठं गेली ते मी विचारलं नाही. विचारायला भीती वाटली असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे विचारायची गरजच मला वाटली नाही, आणि याचाच मला जास्त राग येतो.

साहेब परत आले त्या सकाळी गेटवर ट्रॅक्टरचा ड्रायव्हर चहा पीत उभा होता. सवयीनं ते म्हणाले, “हात दाखव.” त्यानं दाखवला. साहेबांनी हुंगला आणि चष्मा काढला.

“कुठं ओतलं, जनाब?”

ड्रायव्हर गरीब माणूस होता. लगेच बोलला. “वस्तीमागच्या जुन्या हिरीत, साहेब, रातच्याला. कोरडी हाय ती. मॅनेजर साहेबच म्हणले.”

साहेब तसेच चालत निघाले आणि मी त्यांच्यामागे. गावाच्या कडेला बौद्ध वस्ती होती, पंचवीसेक घरं. तिच्यामागे दगडी पायऱ्यांची एक जुनी विहीर. आम्ही पोचलो तेव्हा काठावर बायका जमल्या होत्या आणि चक्क हसत होत्या. सुंदराबाई म्हणून एक चाळिशीची बाई होती, वस्तीत तिचा शब्द चालायचा. ती म्हणाली, “बघा की साहेब, तळाला ओल आलीया! काळं काळं चमकायलंय. झरा फुटला वाटतं. अन् सोमवारपासून टँकरबी हितंच पडणार हाय.”

साहेबांनी काठावरून वाकून वास घेतला. मग म्हणाले, “टँकर हितं पडू द्यायचा न्हाई.”

हसू एका क्षणात मावळलं. सुंदराबाई पुढं आली. “का बरं? गावच्या हिरीवर गेलो की ‘मागून या, मागून या’ म्हणत्यात. अर्धा दिस हुबं राहतो. चार खेपा तहसिलीत जाऊन आमच्या हिरीत टँकर मंजूर करून आणलाय म्या. अन् तुमी कोण हो, पडू द्यायचा न्हाई म्हणणारे?”

“त्यात विष आहे, बाई.”

“आमच्या हिरीत पाणी यायचं म्हणलं की कुणाला ना कुणाला विष दिसतंच!”

मी मागे उभी होते. तिचं म्हणणं मला पाठ होतं, माझ्या आईनं नायगावला हेच ऐकलं होतं आणि हेच म्हटलं होतं. साहेबांनी वाद घातला नाही. दोरी मागवली, बादली सोडली, तळ खरवडून वर ओढली आणि सुंदराबाईपुढं ठेवली. तिनं बादलीत हात घातला, वाकून वास घेतला. डोळ्यांतून पाणी आलं, ती खोकत मागे सरली आणि मग तिथंच मटकन खाली बसली. थोड्या वेळानं ती म्हणाली, “म्हंजी झरा न्हवं का हे?”

साहेबांनी बादली तिच्यापुढून उचलून लांब ठेवली.

पुढचे तीन दिवस त्यांचा राग मी पाहिला. जुन्या जिल्ह्याच्या कचेरीत म्हणाले, गाव आता नव्या जिल्ह्यात गेलं, तिकडं जा. नव्या कचेरीत म्हणाले, कारखान्याची परवानगी जुन्या जिल्ह्यानं दिलेली, फाईल अजून तिकडंच, तिकडून पत्र आणा. शेवटी शनिवारी नायब तहसीलदारानं सुनावणी ठेवली, म्हणजे आम्हाला खुर्च्या दिल्या. मॅनेजर आला होता.

साहेबांनी वही उघडली आणि टेबलावर आपटली. “सगळं यात आहे. रोजचं. द्रावण कधी नासलं, गाळ किती निघाला, खड्डा कधी भरला.”

नायब तहसीलदार तरुण होता. त्यानं वही उलटीसुलटी करून पाहिली. “हे काय लिहिलंय?”

“उर्दू आहे, जनाब. तुमच्या त्या म्हाताऱ्या कारकुनाला विचारा, तो वाचेल.”

कोपऱ्यातला कारकून खरंच उठून आला, चष्मा सावरून दोन ओळी वाचूही लागला. नायब तहसीलदारानं हात वर केला. “कचेरीची भाषा मराठी आहे. असली खासगी वही मी पुरावा धरू शकत नाही.”

मॅनेजरनं अलगद रजिस्टर पुढं सरकवलं. मराठीत. स्वच्छ.

“ही सही तुमची का?” नायब तहसीलदारानं मला विचारलं.

“हो.”

“मग झालं तर.”

एवढंच बोलले मी. हो. पुढं सांगायला तोंड उघडलं होतं, पण मॅनेजर माझ्याकडं बघत होता आणि वडिलांनी चार घरी वाचलेला तो कागद माझ्या डोळ्यांपुढं होता. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. चष्मा काढला नाही, जनाब म्हणाले नाहीत. वही काखेत मारली आणि निघून गेले. त्या माणसानं माझ्यावर ओरडावं म्हणून मी रस्त्यानं त्यांच्यामागं अर्धा फर्लांग गेले. ते ओरडले नाहीत.

सोमवारी सकाळी टँकर आला तेव्हा केमिस्ट साहेब विहिरीत होते.

शेवटच्या कोरड्या पायरीवर घोंगडी अंथरून, तोंडाला ओलं फडकं बांधून, डोक्यावर छत्री धरून बसलेले. खाली दोन हातांवर तो काळा गाळ. टँकरवाल्यानं पाईप सोडला आणि आत पाहिलं.

“ओ साहेब, वर या, पाणी सोडायचंय!”

“सोड. माझ्या डोक्यावर सोड.”

“येडे हायत का काय?”

“हाव. लिहून घे. केमिस्ट येडा आहे म्हणून टँकर रिकामा केला न्हाई.”

टँकरवाल्यानं पाईप गुंडाळला. मॅनेजर येऊन काठावरून गोड बोलला, मग कडू बोलला. आतून उत्तर आलं, “जनाब, खाली या. बसून बोलू. जागा आहे.” मॅनेजर काठापासून दोन पावलं मागं सरकला, हे वस्तीतल्या सगळ्यांनी पाहिलं. मला वाटतं, त्या दोन पावलांनीच वस्तीचं मन फिरलं. सुंदराबाई टोपलीत भाकरी-ठेचा घालून दोरीनं खाली सोडू लागली आणि काठावर ठाण मांडून बसली. बाकीच्या बायकाही आल्या. दर तासाभरानं ती हाक मारायची, “हायसा का साहेब?” आणि खालून खोकल्यासकट “हाय” यायचं.

हे सगळं मी मागाहून ऐकलं. सोमवारी मी कामावर गेले. हेही सांगितलं पाहिजे. दिवसभर बाटल्या धूत बसले.

मंगळवारी दुपारी पोलीस घेऊन नायब तहसीलदार आला. साहेबांचा आवाज बसला होता, डोळे सुजून बंद झाले होते. दोन शिपाई पायऱ्या उतरू लागले आणि सहाव्या पायरीवरूनच खोकत परत आले. मी गर्दीत होते. कामावर न सांगता आले होते. माझ्या शेजारी सुंदराबाईचा हात होता, त्यावर त्या बादलीच्या गाळाचा लाल चट्टा उठला होता. तो मला दिसला आणि मग मला राहवेना.

“रजिस्टर खोटं आहे,” मी म्हणाले. आवाज माझ्याच कानाला चिरका लागला. “खड्डा भरलेला होता. गाळ हितंच ओतलाय. सही माझी आहे, अन् ती खोटी आहे.”

नायब तहसीलदारानं माझ्याकडं बघायचं टाळलं. “लेखी द्या.”

मी काठावर बसून, गुडघ्यावर कागद ठेवून लेखी दिलं. त्यानं तो घडी करून खिशात टाकला, विहिरीत एकदा डोकावला आणि म्हणाला, “वस्तीपुढं पत्र्याची टाकी ठेवू. टँकर त्यात पडेल. विहीर नादुरुस्त आहे असं लिहितो.”

“नादुरुस्त!” विहिरीतून आवाज आला. “जनाब, विहिरीला काय तकलीफ झाली? तिचा सांधा निखळला का?”

पण ते वर आले. दोघांनी धरून आणलं. मला वाटलं आता तरी काहीतरी चांगलं बोलतील. माझ्यासमोर थांबले, सुजलेल्या डोळ्यांनी माझा अंदाज घेतला आणि म्हणाले, “शनिवारी बोलली असतीस तर मी घरी जेवलो असतो.”

आठवड्याभरात आम्हा दोघांनाही काढलं. मला शिस्तभंगासाठी, त्यांना ‘मानसिक स्वास्थ्य ठीक नसल्यामुळे’. माझा लेखी कागद कुठं गेला, ते नवी कचेरी जुनीला विचारत राहिली आणि जुनी नवीला. दोन-तीन वर्षांनी कारखाना आपोआप बंद पडला, आमच्यामुळे नाही. यंत्रं भंगारात गेली. मॅनेजरला दुसरीकडं वरची जागा मिळाली. मी बी.एड. करून नायगावला शाळेत लागले. साहेब नांदेडला दोन खोल्यांत केमिस्ट्रीच्या शिकवण्या घ्यायचे. अभ्यास न केलेल्या पोरांना ते जनाब म्हणायचे, असं ऐकलं.

मग बऱ्याच वर्षांनी एक दिवस त्यांचं कार्ड आलं. ‘विहीर मुरूम टाकून बुजवली असे कळते. रविवारी स्टँडवर ये.’

नांदेड स्टँडवर ते उभे होते आणि त्यांच्या पायाशी गोणपाटात गुंडाळलेली अडीच फुटी शहाबादी फरशी. पाथरवटाकडून अक्षरं कोरून घेतली होती, या वेळी मराठीत. पाथरवटाशी भांडण झालं होतं. तो म्हणे, ‘विष’ शब्द नको, लोक घाबरतील. “घाबरावं म्हणूनच पैसे देऊन राहिलो न्हवं का!” कंडक्टर फरशी गाडीत घेईना. साहेबांनी चष्मा काढला. फरशी टपावर गेली.

वस्तीत पोचलो तेव्हा सुंदराबाई पार थकलेली होती, पण तिनं सुनेला कुदळ घेऊन पाठवलं. आम्ही तिघांनी बुजवलेल्या जागेवर खड्डा खणून फरशी उभी केली. ‘या मुरुमाखाली विहीर आहे. तिच्यात कारखान्याचं विष आहे. इथं पाणी काढू नका.’ साहेबांनी तीनदा वाचलं, चुका शोधत. मग फरशीला लाथ मारून पाहिली, हलते का. हलली नाही. परतीच्या गाडीत ते पूर्ण रस्ता झोपले. त्यांना असं शांत मी तेवढं एकदाच पाहिलं. पुढच्याच वर्षी ते गेले.

मधल्या एका दुष्काळात त्या सुनेचा मला फोन आला. गावात सरकारी बोअरची गाडी आली होती. माणसाच्या हातात मंजूर जागेचा कागद होता, आणि ती जागा नेमकी फरशीच्या शेजारची होती. ती म्हणाली, “मॅडम, तो मानूस फरशी वाचत हुबा राहिला. मग मला इचारला, ह्ये कुणी लिवलं? म्या म्हणलं, हिरीत बसले व्हते त्या साहेबांनी. गाडी मागं फिरवली त्यानं.”

मी लगेच माहितीचा अर्ज केला. या विहिरीची नोंद दाखवा, आणि मी दिलेला कागद दाखवा. चार महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: सदर गावी सदर ठिकाणी विहीर असल्याचे दप्तरी दिसून येत नाही.